माशेलला चार दिवस, भर आषाढात

गोव्याला चाललोय म्हटलं की ऑफिसात एकच प्रश्न येतो, कुठला बीच? यंदा मी "माशेल" असं सांगितलं. समोरच्याने मोबाइलवर शोधलं आणि मग माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं. माशेल फोंडा तालुक्यात, आणि गावाला समुद्रकिनारा नाही. तेही आषाढात, म्हणजे गोव्यात छत्री उघडायला वेळ मिळत नाही त्या दिवसांत.

पण माझी मावसबहीण, आमची नीलूताई, लग्न होऊन तिथे गेली त्याला बावीस वर्षं झाली आणि दर वर्षी तिचा फोन असतोच, "चिखलकालो बघायला कधी येणार?" आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोरच्या मैदानात चिखलकाला असतो. या वेळी एकादशी रविवारी आली. शुक्रवार ते मंगळवार रजा टाकली आणि निघालो: मी, नवरा आणि चौथीतला अर्णव.

शुक्रवार

नाशिकहून मुंबई, तिथून कोकणकन्या, करमळीला उतरलो. गाडीला उशीर झाला, पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, त्यामुळे कुणी भांडलं नाही. (तुम्ही जाणार असाल तर तिकीट काढताना पावसाळी वेळाच बघा. उन्हाळ्यातल्या आठवणीवर विसंबून पुढचं काही ठरवू नका.)

भावजी गाडी घेऊन आले होते. ते हायस्कुलात मराठीचे सर आहेत. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत आमच्याशी छापील मराठीत बोलले, आणि पुलावर एक स्कूटरवाला आडवा आला तेव्हा काच खाली करून कोंकणीत. दुसरं बोलणं जास्त ओघवतं होतं.

घरी माई, म्हणजे नीलूताईच्या सासूबाई, वसरीवर वाट बघत बसलेल्या. हातपाय धुतले नाहीत तोच पानं वाढली. माई भाताचं पातेलं घेऊन आल्या.

"शीत वाडूं?"

नवरा संकोचून म्हणाला, "हो, एखादं चालेल."

आमच्याकडे शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा एक दाणा. माईंनी डाव भरून वाढला, वर दुसरा. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "आयज नुस्तें ना हां."

अर्णवने मान वर केली. "नुसतं काय नाही?"

"नुस्तें रे पुता. नुस्तें ना."

"पण आजी, नुसतं काय नाही?"

हे आणखी दोनदा झालं. शेवटी ताईची बारा वर्षांची सई हसून हसून पाटावरून घसरली आणि म्हणाली, "अरे, नुस्तें म्हणजे मासे!" १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना समुद्रात जायला बंदी असते, त्यामुळे या दिवसांत ताजं नुस्तें कमी आणि महाग. पाहुणे येणार आणि पानात मासा नाही, याची माईंना खरोखर लाज वाटत होती.

माशांऐवजी जे होतं, ते मी जन्मात विसरणार नाही. किसमूर. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, काटे काढून हातानेच कुस्करायचा, त्यात ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, तिखट, थोडा चिंचेचा कोळ आणि वर खोबरेल तेलाचा थेंब. माईंनी ते आमच्यासमोर, शेवटच्या क्षणी कालवलं, कारण आधी करून ठेवलं तर बांगडा मऊ पडतो. बोटांनी कांदा आणि खोबरं चोळताना त्या अर्णवकडे बघत होत्या, की हा शहरातला मुलगा वासाला नाक मुरडतो का. त्याने तिसऱ्यांदा मागून घेतलं. तिथून पुढचे चार दिवस तो त्यांचा.

दुपारी पाऊस असा काही लागला की वसरीवरून समोरचं तुळशीवृंदावन दिसेना. माई मराठी पेपर घेऊन बसल्या. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळा पेपर मोठ्याने, स्वच्छ मराठीत वाचतात आणि प्रत्येक बातमीवरचं मत कोंकणीत देतात. देवाची आरती मराठीत, मांजराला शिव्या कोंकणीत. हिशेब मात्र मनातल्या मनात, तो कुठल्या भाषेत ते त्यांनाही सांगता येईना.

मी सहज विचारलं, इथे भाषेवरून एवढं रण पेटलं होतं, तुमच्या घरी काय होतं? माईंनी पेपर बाजूला ठेवला. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहायची खूण दोन पानं. माई तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. माहेरी वडील फुलाचे, काका दोन पानांचे. "आठ दीस एकाच पंगतीक जेवले," माई सांगत होत्या, "पूण मीठ मागपाक जाय जाल्यार आमकां भुरग्यांक सांगताले." म्हणजे मीठ हवं असलं तरी एकमेकांना न मागता पोरांना सांगायचे. दोन पानं जिंकली. काकांनी पेढे वाटले आणि वडिलांनी एक खाल्ला, पण पाठ करून. पुढे १९८७ला राजभाषा कायदा आला: कोंकणी राजभाषा, आणि सरकारी कामात मराठीही चालेल. भावजी म्हणाले, "आमच्या घरात हा कायदा पन्नास वर्षं आधीपासून लागू होता."

संध्याकाळी देवळाच्या मंडपात चवथीच्या नाटकाची तालीम होती. गोव्यात गणेशचतुर्थीला चवथ म्हणतात, आणि उत्सवाला गावातल्या लोकांनी बसवलेलं मराठी नाटक लागतंच. ऐतिहासिक नाटक. महाराज झालेला गृहस्थ बँकेत कॅशियर. मांडी ठोकून त्याने आरोळी दिली, "कोण आहे रे तिकडे?" सेवक विंगेत वडा खात होता. तो तोंड पुसत धावत आला आणि म्हणाला,

"हांव."

हांव म्हणजे मी. महाराजांना हसू आवरेना. दिग्दर्शकाने संहिता आपटली आणि सेवकाला अस्सल कोंकणीत जे सुनावलं त्यातलं मला फक्त "पिशें", म्हणजे वेडं, एवढं कळलं. पुढचा अर्धा तास "आज्ञा, महाराज" या दोन शब्दांची तालीम झाली. पण एकदा लय सापडल्यावर त्या पोराने म्हटलेलं मराठी! नाशिकच्या आमच्या हौशी मंडळींनी ऐकावं असं. "मराठी ही आमची रंगमंचावरची भाषा," भावजी कानाशी म्हणाले, "म्हणून ती आम्ही इस्त्री करून वापरतो."

शनिवार

सकाळी सहाला "पों पों". पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल. मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक, त्याखाली गरम पोई, उंडे आणि बांगडीसारखी कडक काकणं. पोई म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ, चपटा पाव. कोंडा नाकातोंडात जातो, पण चहात बुडवली की शब्द संपतात. पदेर आपल्यासाठी थांबत नाही, आपण गेटवर असायचं. छत्री शोधत बसलात तर हॉर्न पुढच्या वाड्यात.

न्याहारीच्या वेळी अर्णव सईला चिडवत होता, कारण ती खिडकीला जनेल म्हणते. भावजींमधला सर जागा झाला. जनेल पोर्तुगीज, कबूल. पण मग बटाटा? पाव? चावी, पगार, घमेलं, बिजागरी? हे सगळे तुमच्या मराठीतले पाहुणे तिथलेच. अर्णवला धक्काच बसला. नवरा म्हणाला, "पगार परदेशी आहे, हे मला आधीच वाटत होतं."

मग बसने पणजी. अर्णवला पावभाजी हवी होती. हॉटेलात वेटरने विचारलं, "पातळ, सुकी की मिक्स?" त्याला काही कळेना. आली ती वाटाण्याची पातळ भाजी, खोबऱ्याच्या वाटणातली, शेजारी पाव आणि एक मिरचीभजं. लोणी नाही, लाल रंग नाही, वरून कोथिंबीर नाही. त्याने दोन मिनिटं अन्याय झाल्यासारखा चेहरा केला आणि मग वाटी पुसून खाल्ली. मुंबईची पावभाजी मनात धरून जाऊ नका, मिक्स भाजी मागा, आणि सकाळी दहाच्या आत पोचा.

बाजारात सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोलंबीच्या, वाट्यापुढे उभी राहिले तर बाई म्हणाली, "कितें जाय?" मी म्हटलं, "नाही, जात नाही, जरा बघतेय." जाय म्हणजे पाहिजे, हे सईने मागून कोपराने ढोसून सांगितलं. नको म्हणायचं असेल तर नाका. त्यामुळे दुपारी भावजींना फोनवर "आम्ही नाक्यावर उभे आहोत" म्हटल्यावर पलीकडून बराच वेळ फक्त हसणं ऐकू आलं.

त्यांनी जुन्या गोव्याला सोडलं. तिथल्या चर्चविषयी पुष्कळ लिहून झालंय, मी फेरीबोटीचं सांगते. व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ मांडवीच्या धक्क्याला उतरतो आणि तिथून दिवाडी बेटावर फेरी जाते. पायी माणसाला तिकीट नाही. पाण्याला जोर होता, बोट धक्क्याला लागत होती. समोरच्या फळीवर उभा असलेला खलाशी हात वर करून ओरडला, "राव! राव रे, राव!"

आता, आमच्याकडे राव म्हणजे मान. काय राव, या राव, बसा राव. नवऱ्याला वाटलं, गोव्यात पर्यटकांचं फार आगत. त्याने हसून हात हलवला आणि तो पुढे गेला. खलाशी अजून जोरात, "राव मूं रे, राव!" नवरा आणखी पुढे. तेवढ्यात बोट वीतभर मागे सरकली आणि त्याचा डावा पाय घोट्यापर्यंत नाही, गुडघ्यापर्यंत मांडवीत गेला. दोघांनी दंडाला धरून वर ओढला. पाय आला, सँडल गेली.

राव म्हणजे थांब.

सई फेरीच्या कठड्याला धरून खाली बसली होती, तिला उभंच राहता येईना. नवरा मात्र एका पायात सँडल घालून, आहे तेवढ्या रुबाबात पैलतीरी उतरला.

दिवाडीवर पावसाने गाठलंच. एका जुन्या घराच्या बलकांवाखाली, म्हणजे दारासमोरच्या त्या दगडी बाकांच्या ओसरीत, आम्ही आडोशाला उभे राहिलो. दार उघडलं. सत्तरीच्या आंटी, फुलाफुलांचा झगा. "भितर यो गो बाय, भिजतली." पंच्याला हात पुसत त्यांनी नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आत गेल्या आणि रबरी चप्पल घेऊन आल्या. "म्हज्या घोवाची. तो आतां दुबयंत."

चहा झाला. आम्ही मराठी म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. रोज संध्याकाळी रोझरी झाली की मराठी मालिका बघतात. देवनागरी येत नाही, कोंकणी त्या रोमी लिपीत वाचतात, पण मालिका ऐकून ऐकून मराठी कळतं. मग त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "तुमची सासुमांय इतली वायट कित्याक गो?" मी म्हटलं, आंटी, माझी चांगली आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. एका मालिकेत कोणी कोणाच्या दुधात काय घातलं हे त्यांनी मला इतकं बारीक सांगितलं, की निघताना मी नाशिकला सासूबाईंना फोन करून खुशाली विचारली.

घरी हा किस्सा सांगितल्यावर भावजींनी आपला हुकमी एक्का काढला. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात आला, त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ला राशोलला छापलं गेलं. आणि त्याच माणसाने कोंकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्याच्या मागे, १६४०ला छापलं.

माई सुपारी कातरत म्हणाल्या, "म्हणजे गावपाक मराठी, समजूंक कोंकणी. म्हजेच भशेन." गायला मराठी, समजायला कोंकणी, अगदी त्यांच्यासारखंच.

रविवार, एकादशी

आज नुस्तें नाही म्हणून कुणाची लाजबीज नाही, सगळ्यांचाच उपास. पाऊस सकाळपासून एका सुरात. साबुदाणा, रताळी, पुन्हा चहा, झोप.

देवकीकृष्णाच्या देवळात मात्र भजन अखंड चाललेलं. गावोगावची पथकं येतात, आपापल्या वेळेला बसतात, उठतात. देवकीच्या कडेवर कृष्ण असलेली ही मूर्ती मूळची चोडण बेटावरची, पोर्तुगीज काळात तिथून हलवून इकडे आणली. आई आणि मूल एकत्र पूजलं जाणारं असं देऊळ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. गर्दीत एक बाई कडेवर पोर घेऊन त्या मूर्तीसमोर उभी होती, दोघांच्या उभं राहण्याची ढब अगदी एक.

रात्री दहाच्या पथकात एक सत्तरीचे गृहस्थ तुकोबांचा अभंग म्हणायला बसले. आवाज थोडा फाटलेला, पण शब्द असे स्वच्छ की प्रत्येक "ळ" वेगळा ऐकू यावा. शेवटच्या चरणावर त्यांनी तान घेतली, डोळे मिटले, सगळा मंडप तल्लीन. समेवर आले, आणि त्याच दमात मान वळवून ओरडले, "फॅन बंद कर रे, ताळो वता म्हजो!" (आवाज जातोय माझा!)

फॅन बंद झाला. अभंग पुढे चालू.

सोमवार, चिखलकाला

आधी कामाचं. जुने, गडद रंगाचे कपडे घाला. फोन, चष्मा, अंगठी घरी ठेवा, नाहीतर कुणा बघ्याकडे द्या. अंगठी चिखलात गेली की पुढच्या आषाढीपर्यंत विसरायची. तारीख इंग्रजी कॅलेंडरात बदलत राहते, आषाढी एकादशी बघायची आणि एक दिवस पुढे मोजायचा. बघायला उभे राहणार असाल तरी कोरडे परत याल अशी आशा नको.

पुरुष आणि पोरं अंगाला तेल चोपडून उघड्याने देवळात जमली. "जय विठ्ठल, हरी विठ्ठल" करत प्रदक्षिणा झाली आणि लोंढा मैदानात उतरला. मैदान म्हणजे आठवडाभराच्या पावसाने केलेला लाल चिखलाचा काला. आधी एकमेकांना लोळवणं झालं. मग खेळ, कृष्णाने सवंगड्यांबरोबर खेळले म्हणतात ते. आंधळी कोशिंबीर, चेंडूफळी, मध्येच नुसतीच ढकलाढकली. पाच मिनिटांत कोण सरपंच, कोण कॅशियर-महाराज, कोण सातवीतला, काही कळेना. सगळे एका मातीचे गणपती.

भावजी धोतर खोचून उतरले. त्यांचेच विद्यार्थी टपून बसले होते. वर्षभराच्या व्याकरणाचा हिशेब चुकता झाला. "सर, क्षमस्व!" असं शुद्ध मराठीत म्हणत एकाने त्यांच्या डोक्यावर ओंजळभर चिखल थापला.

नवरा काठावर, आंटींच्या रबरी चपलेत, "मी फक्त बघतो" म्हणत उभा होता. मागून कुणीतरी ओरडलं, "राव!"

शिकलेला माणूस. जागच्या जागी थांबला.

ते हाक मारणारं पोरगं त्याला थांबवूनच धडक द्यायला आलं होतं. दोघं मिळून आडवे. उठला तेव्हा फक्त दात दिसत होते.

वरून खाऊ फेकायला लागले तेव्हा मी अर्णवला शोधत होते. चिखलाच्या पंचवीस-तीस लहान मूर्ती हात वर करून उड्या मारत होत्या आणि सगळ्या एकच ओरडत होत्या, "म्हाका! म्हाका!", म्हणजे मला, मला. आईला आवाजावरून पोर ओळखता येतं म्हणतात. मला आला नाही. शेवटी डाव्या पायाच्या पट्टीवरून ओळखला, शनिवारी खरचटलं होतं तिथली. तो माझ्याकडे न बघता अजून "म्हाका" करत होता.

घरी विहिरीवर रांग लावून सगळ्यांना बादल्यांनी धुतलं. माईंनी वरून मोजणी केली, "एक, दोन, तीन... हो कोणाचो?" एक पोर खरंच जास्तीचं आलं होतं, शेजारच्या वाड्यातलं. त्यालाही धुतलं, चहा-पोई दिली, मग पाठवलं.

रात्रीची गाडी. माईंनी डझनभर पोया, सुका बांगडा आणि आमसुलं बांधून दिली. बांगड्याला वर्तमानपत्राचे चार थर, तरी रत्नागिरीपर्यंत डब्यातल्या लोकांनी आमच्याकडे संशयाने पाहिलं. सुकी मासळी न्यायची असेल तर हवाबंद डबा घरूनच न्या. आणि पोई फ्रीजमध्ये ठेवू नका, मी ठेवली, तिची कौलं झाली. माईंनी फोनवर आधी "पिशें गो!" म्हटलं, मग उपाय सांगितला: पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून गरम करायची. झाली पूर्वीसारखी, जवळजवळ.

अर्णवचा पांढरा बनियन तिसऱ्या धुण्यानंतरही माशेलच्या रंगाचा आहे. गडद कपडे घाला हे मी वर उगीच लिहिलेलं नाही.

आंटींची चप्पल सईच्या हाती परत पाठवली. गेल्या आठवड्यात, बंदी उठल्यावर, माईंचा आवाज ताईच्या फोनवरून आला, मागे कशाचा तरी चरचराट. "अर्णवा, नुस्तें आयलें रे! केन्ना येता?"

नवरा तेव्हापासून चवथीच्या आठवड्याची तिकिटं बघतोय. वेटिंग एकशे बारा.